मैदानाखालचं पाणी

सुट्टीचा तिसरा दिवस, बुधवार

वन्संना नमस्कार.

माझं पत्र बघून नवल वाटेल तुम्हाला. पंधरवड्यात चार वेळा फोन केला. पहिल्यांदा तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून दिलात. दुसऱ्यांदा मी विचारलं, "यंदा समुद्रावर कधी निघायचं?" तर तुम्ही म्हणालात, "प्रकृती ठीक आहे," आणि परत ठेवून दिलात. पुढच्या दोन वेळा उचललाच नाहीत. तुमच्या भावाला विचारलं तर हे म्हणाले, "ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, उतरेल आपोआप." पण मला चैन पडेना. मुलींचे एवढे लाड करू नका, असं मी गेल्या वर्षी समुद्रावर म्हणाले होते. ते लागलं असेल तर माफ करा. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. उगाच नाही लग्नाच्या दिवशी तुम्ही माझं नाव मैना ठेवलंत. आता तर माझी आईही मला त्याच नावाने हाक मारते.

इकडे सगळं ठीक. ह्यांना यंदा सुट्टी आहे, घरीच असतात. माझं मशीन मात्र दिवसभर चालू. शाळा उघडायच्या आत गणवेशांचा ढीग संपवायचाय. सध्या जिकडे बघावं तिकडे निळ्या कॉलर दिसतात, परवा भाजीत एक बटण सापडलं.

सुट्टीसाठी यंदा आम्ही घरात एक नियम केलाय. जिथे तिकीट लागेल तिथे जायचं नाही. भाकरी-भाजी घरून न्यायची, जायचं ते चालत. थोरलीने नियम ऐकला आणि तोंड पाडलं. तिची मैत्रीण घसरगुंड्यांच्या त्या मोठ्या पाण्याच्या बागेत जाणार आहे. थोरली अकरा वर्षांची झाली, आता तिला लोक काय म्हणतील ते कळायला लागलंय. धाकटीला, म्हणजे आपल्या भिंगरीला, अजून तेवढी अक्कल नाही. सोमवारी ती नळाखाली हात धरून उभी होती आणि विचारत होती, "आई, हे पाणी आत्ता आपल्याकडे आलं. काल कुठे होतं?"

मी सांगितलं, टाकीत. टाकीच्या आधी? रस्त्याखालच्या पाइपात. त्याच्या आधी? मला पुढे सांगता येईना. हे खिडकीशी बसले होते, दिवसभर तिथेच बसतात. ते एकदम म्हणाले, "चल, बघून येऊ."

तर आम्ही आमच्या नळापासून उलटं चालत निघालोय. पहिल्या दिवशी जिन्याखालच्या मीटरपर्यंत पोहोचलो. हसू नका.

तुमची,
मैना


शनिवार, तारीख ८

मैना,

राग वगैरे काही नाही. तू लाडांबद्दल बोललीस ते खरंच होतं. फोन मात्र करू नकोस, पत्र लिही. हल्ली फोनवर सगळे पुटपुटतात, माझा वेळ जातो.

यंदा समुद्रावरची खोली मी घेतलेली नाही. कारण विचारू नकोस, सांगणार नाही. मुलींना सांग, आत्याला कोर्टात काम फार आहे.

माझ्या भावाला बेकरीच्या मालकाने सुट्टी दिली हे वाचून बरं वाटलं. पंधरा वर्षं पहाटे तीनला उठवून भट्टीपुढे उभा केला त्याला. उशिरा का होईना, त्या माणसाला बुद्धी झाली. माझ्या भावाला म्हणावं, आता पोटभर झोप.

आता तुझ्या पाइपांबद्दल. पोरींना उन्हातान्हात झाकणं बघत फिरवणं ही काय सहल झाली? लोक म्हणतील, ह्या बाईचं काही हरवलंय. पण सुरू केलंच आहेस तर नीट तरी कर. मीटरपर्यंत आलात. मीटरच्या पलीकडे काय?

वन्सं


सुट्टीचा नववा दिवस, मंगळवार

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "ह्या बाईचं काही हरवलंय" ह्यावर हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून मुद्दाम लिहिते.

मीटरच्या पलीकडे रस्ता. रस्त्यात लोखंडी झाकणं आहेत, कुठे गोल, कुठे चौकोनी. नऊ वर्षं मी त्यांच्यावरून चालतेय, एकदाही खाली पाहिलं नव्हतं. गोल ती सांडपाण्याची. पिण्याच्या पाण्याची लहान असतात, तळहाताएवढी, आणि त्यांवर बाण असतो. हे थोरलीने शोधलं. तोंड पाडून दहा पावलं मागे चालत होती, आणि पाचव्या झाकणाशी थांबून म्हणाली, "सगळे बाण आपल्याकडे तोंड करून आहेत. म्हणजे पाणी त्या बाजूने येतं." तेव्हापासून ती पुढे आणि आम्ही मागे.

बाणांच्या उलट चालत गुरुवारी बाजार ओलांडला, शुक्रवारी दवाखान्याची मागची गल्ली. हे पहाटेच उठतात, सवय मोडत नाही, म्हणून आम्ही उजाडतानाच निघतो. तेव्हाच आम्हाला चावीवाले काका भेटले. साठीचे असतील, खाकी टोपी, हातात त्यांच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी. ती त्या छोट्या झाकणाखाली घालतात, गोल फिरवतात, आणि एका आळीला पाणी सुटतं. भिंगरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "काका, हे कुठून येतं?"

त्यांनी चावी फिरवायची थांबवली नाही. म्हणाले, "बावीस वर्षं हे काम करतोय बाळ. लोक विचारतात, पाणी कधी येणार. कुठून येतं ते पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

मग त्यांनी आम्हाला चढावर नेलं. वन्सं, आमच्या वस्तीमागे टेकडी आहे ना, वर सपाट मैदान आहे, जिथे तुम्ही दोन वर्षांपूर्वी मुलींबरोबर चेंडू खेळून चप्पल तोडलीत? त्या मैदानात मधूनमधून गुडघ्याएवढी लोखंडी नळकांडी आहेत, छत्रीसारखी टोपी घातलेली. सगळी मुलं त्यांचाच गोल करून खेळतात. काका मैदानाच्या मधोमध उभे राहिले, पाय आपटला आणि म्हणाले, "इथे."

आम्ही इकडे तिकडे बघितलं. गवत होतं, एक कुत्रं झोपलं होतं.

"खाली," ते म्हणाले. "ह्या अख्ख्या मैदानाखाली टाकी आहे. चार माणसांच्या उंचीएवढी खोल. दीडशे वर्षांपूर्वी विटांनी बांधलंय. अर्ध्या शहराचं उद्याचं पाणी आत्ता तुमच्या पायाखाली आहे."

भिंगरीने हळूच एक पाय उचलला, मग दुसरा उचलता येईना म्हणून पहिला खाली ठेवला. थोरली म्हणाली, "आपण इथे उड्या मारायचो." वन्सं, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्ही सगळे उगाचच दबक्या आवाजात बोलत खाली उतरलो, कुणी झोपलेलं असावं तसे.

तुमची,
मैना


शुक्रवार, तारीख १४

मैना,

पत्र दोनदा वाचलं. पण एकोणतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलंय, तेव्हा एक सांगते. तो माणूस म्हणतो म्हणून खाली पाणी आहे, ह्याला आम्ही ऐकीव माहिती म्हणतो. न्यायाधीश ती बाजूला सारतात. तुम्ही स्वतः काय पाहिलंत? एक मैदान आणि एक कुत्रं.

ती नळकांडी कशासाठी आहेत? थोरलीला म्हणावं, शोधून काढ आणि मला लेखी कळव. ती सगळ्यांच्या पुढे चालली हे मला आवडलं.

दवाखान्याची मागची गल्ली म्हणजे बेकरीचीच ना? मग भावाने तुम्हाला भट्टी दाखवली की नाही? सुट्टीत का होईना, मुलींनी बापाची जागा बघावी.

वन्सं


सुट्टीचा सतरावा दिवस, बुधवार

वन्संना नमस्कार.

पुराव्याचं काम थोरलीने फारच मनावर घेतलंय. तिचा कागद सोबत जोडलाय. गणवेशाच्या कापडाच्या बारीक पट्ट्या माझ्याकडून मागून घेतल्या, प्रत्येक नळकांड्याच्या टोपीखाली एक बांधली, आणि चार दिवस पहाटे आणि दुपारी जाऊन बघितलं. वारा नसतानाही पट्ट्या हलतात. दिवसा लोक पाणी वापरतात, पातळी उतरते, तेव्हा पट्ट्या आत ओढल्या जातात. पहाटे भरायला लागतं तेव्हा बाहेर उडतात. "आई, ते दिवसातून एकदा श्वास घेतं आणि एकदा सोडतं," असं तिने मला सांगितलं तेव्हा मी मशीनवरचा पाय उचलून तिच्याकडे बघत राहिले. मीही जाऊन तोंड टेकवलं तिथे. एवढ्या उन्हात गार, ओला वास, नवा माठ पहिल्यांदा भरावा तसा. खाली काहीतरी प्रचंड आहे आणि ते शांत आहे, एवढंच मला कळलं.

थोरलीची मैत्रीण घसरगुंड्या करून परत आली. तिने विचारलं, तू कुठे गेली होतीस? थोरली तिला हाताला धरून मैदानात घेऊन गेली आणि म्हणाली, गाल लाव इथे. आता मैत्रीणही रोज पहाटे हजर असते. तिच्या आईचा निरोप आला, तुम्ही हे कुठलं शिबिर चालवता आणि फी किती.

चावीवाले काका सांगत होते की पाण्याच्या टाकीचे दोन कप्पे आहेत. दहा वर्षांतून एकदा एकेक कप्पा रिकामा करून धुतात, भेगा बुजवतात. यंदा तो योग आहे. कामाला माणसं हवीत म्हणाले. हे त्यांच्याशी बराच वेळ बाजूला बोलत उभे होते.

बेकरीचं विचारलंत. ती गल्ली तीच, पण घाईत होतो, थांबलो नाही.

तुमची,
मैना

(थोरलीच्या कागदाच्या मागे, मोठ्या वाकड्या अक्षरात)

आत्या, बाबांच्या भट्टीला कुलूप लागलं हे आईने लिहिलं नाही, म्हणून मी पण लिहीत नाही. कुलूप मोठं आहे. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत, दुसरीकडे बघतात. तू कधी येणार. भिंगरी


शनिवार, तारीख २२

मैना,

थोरलीचा कागद पुराव्यात दाखल करून घेतला आहे. पट्ट्या पटल्या.

कागदाची दुसरी बाजूही वाचली. भिंगरीला रागावू नकोस. तिने काहीच लिहिलेलं नाही असं तिचं म्हणणं आहे आणि ते मी मान्य केलंय.

किती महिने झाले? मी त्या मालकाला बुद्धी झाली म्हणून लिहिलं आणि तुम्ही घरात ते वाचलंत. लिहिताना हात का नाही गळून पडला माझा. तो असाच आहे, लहानपणी गुडघा फुटला तरी माझ्यापासून पाय लपवून बसायचा. आणि तू त्याचं ऐकलंस. बायकोने नवऱ्याची अब्रू राखावी, ठीक आहे, पण मी काय परकी आहे?

हे लिहिलं आणि मग स्वयंपाकघरात पाटावर बसून विचार केला, की हे बोलायचा अधिकार मला आहे का.

मैना, मला ऐकू येत नाही.

दोन वर्षांपासून कमी होत होतं. मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून भागवत होते. हिवाळ्यात एका साक्षीत साक्षीदार म्हणाला, "मी तिथे नव्हतो," आणि मी लिहिलं, "मी तिथे होतो." वकिलाने सही होण्याआधी ते पकडलं. पकडलं नसतं तर एक माणूस तुरुंगात गेला असता, माझ्या एका शब्दाने. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेले नाही. वय झालं, आता हे असंच, एवढं ऐकायला पैसे कशाला द्यायचे?

समुद्रावरची खोली का घेतली नाही ते आता कळलं असेल. आणि फोनवर तू समुद्राचं विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, ते तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा पहिल्यांदा मलाच कळलं.

भावाला दाखव हे पत्र. आता लपवायचं कुणी काही राहिलेलं नाही.

तुझी,
ताई


सुट्टीचा एकोणतिसावा दिवस, सोमवार

ताई,

तुम्ही सही "ताई" अशी केलीत म्हणून मीही आजपासून तसंच लिहिते.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं. वाचून घडी केली, परत उघडलं, परत वाचलं. मग गॅलरीत गेले. मी मागे गेले नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाले, "ती ताई कशी गं अशी. एकटी बसून राहिली." दुसऱ्याच पहाटे ते टेकडीवर गेले आणि काकांना म्हणाले, मला घ्या.

आठवडाभर लिहिता आलं नाही ते ह्यामुळेच. एक कप्पा रिकामा झाला, हे आत उतरतात. सकाळी सहा ते दोन. तळाचा गाळ फावड्याने ओढायचा, मग भिंती ब्रशने घासायच्या. पहिल्या दिवशी घरी आले आणि ताटावर बसून राहिले, हात पुढे होईना. मला वाटलं, दमले. म्हणाले, "मैना, आत खांब आहेत."

"किती?"

"मोजता मोजता चुकलो. विटांचे. एकाच्या मागे एक, एकाच्या मागे एक, दिवा नेशील तिकडे आणखी उभे. आणि वर कमानी. कुणाला दिसणार नव्हतं, पाण्यात बुडवूनच ठेवायचं होतं. तरी त्या गवंड्यांनी प्रत्येक कमान कशी जुळवलीय. सांध्यात नख जात नाही."

ताई, हा माणूस पंधरा वर्षं भट्टीत वीट बघत आलाय, विटेचं काम त्याला कळतं. बोलताना त्यांचा आवाज असा होता की मुलींनी जेवण थांबवलं. थोरलीने विचारलं, "बाबा, पाण्यात असताना ते खांब अंधारात एकटेच उभे असतात का?" ते म्हणाले, "हो. आपण जन्मायच्या आधीपासून."

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी काम संपतंय. दुपारी पाणी सोडणार. त्याआधी सकाळी कामगारांच्या घरच्यांना आत जाऊ देणार आहेत, साहेबांनी परवानगी दिलीय. पुन्हा दहा वर्षांनी. तिकीट नाही. ताई, तुम्ही या. ऐकण्यासारखं तिथे काही नसेल, बघण्यासारखं आहे.

तुमची,
मैना


गुरुवार, तारीख ३

मैना,

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर न्यायला कुणी येऊ नका, मला रस्ता माहीत आहे. जाड चप्पल घालते.

ताई


सुट्टीचा त्रेचाळिसावा दिवस, सोमवार

ताई,

तुम्ही सुखरूप पोहोचलात हे दोन ओळींच्या कार्डावरून कळलं. पण त्या दिवशी तुम्ही काही धड बोललाच नाहीत. जेवलात, मुलींचे पापे घेतलेत आणि पाचच्या गाडीने निघालात. मला वाटलं, गर्दीत त्रास झाला. ऐकण्यासारखं काही नसेल, असं मी लिहिलं आणि आत गेल्यावर सगळं ऐकण्यासारखंच निघालं. थोरलीने आत एक सूर लावला तेव्हा तो परत येत राहिला, येत राहिला, बायका रडल्या. आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. माझ्या मनात आलं, मी ताईंना इथे कशाला बोलावलं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

चांगली बातमी अशी की दुसऱ्या कप्प्याच्या कामावरही ह्यांना ठेवलंय, आणि काकांनी साहेबांना सांगितलंय की निवृत्त होण्याआधी चावी ह्यांना शिकवणार. पक्कं नाही, पण हे रोज पहाटे त्यांच्याबरोबर हिंडतात. काल जाताना बेकरीच्या गल्लीतून गेले. कुलपाकडे बघितलं म्हणाले.

रागावला असाल तर तेही लिहा.

मैना


शनिवार, तारीख १९

मैना,

रागावलेली नाही. गप्प होते, कारण जे झालं ते तोंडाने सांगायला लागले असते तर रडले असते, आणि कामगारांच्या बायकांपुढे मला ते करायचं नव्हतं. आधी कामाचं सांगते.

बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिने एक लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला. काही नाही. मग तोच कानामागच्या हाडावर टेकवला आणि तो लख्ख वाजला. ती म्हणाली, आतली ऐकणारी नस धड आहे. वाटेत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड आहे, ते आखडून बसलंय, आवाज पुढे ढकलत नाही. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया करून बघू म्हणाली. जमली तर उत्तम, नाही तर यंत्र लावू. घरी येऊन मी तांदळाचा एक दाणा हातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. एवढ्याशा गोष्टीवर अख्खं जग येऊन थांबतं.

आता त्या रविवारचं. तू तिथेच होतीस, तरी लिहिते, कारण तुला दिसलं ते आणि मला झालं ते एक नव्हतं.

माझ्या भावाने माझा कोपर धरून मला शिडीच्या पायऱ्यांनी खाली उतरवलं. लहानपणी मी त्याला विहिरीकाठी तसं धरायची. खाली अंग एकदम गार पडलं. दिवे लावले होते, तरी शेवट दिसत नव्हता. ते खांब. मी एवढी कोर्टं पाहिली, मोठमोठे घुमट पाहिले, ते लोकांनी बघावेत म्हणून बांधलेले असतात. हे कुणीच बघणार नव्हतं. मी एका खांबाला हात लावला, विटा ओल्या होत्या, आणि माझ्या भावाने खिशातून रुमाल काढून त्या पुसल्या, जणू त्याचं घर होतं आणि पाहुणी आली होती. त्याची मान ताठ होती. एवढ्यासाठी मी दहा गाड्या बदलून आले असते.

मग थोरली गायली. मला तिचं तोंड उघडलेलं दिसलं. मग सगळ्यांची तोंडं वर झाली, एकाच वेळी, पक्षी उडाल्यावर माणसं बघतात तशी. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. आवाज कुठून कुठे चाललाय ते मला त्यांच्या नजरेवरून दिसत होतं, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. शंभर माणसं एका गोष्टीच्या आत उभी होती आणि मी बाहेर. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तुझ्या चेहऱ्यावरून वाचत होते.

दुपारी सगळे वर आले, आणि मैदानाच्या कडेला त्या खड्ड्याशी जमले, जिथून मोठा पाइप आत शिरतो. तू डबे भरायला मागे थांबली होतीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. चावीवाल्यांनी चाक फिरवलं. पाणी टेकडीच्या पलीकडून निघालं, पण यायला वेळ होता. त्यांनी एक लांब लाकडी दांडा काढला, एका टोकाला वाटीसारखा गोल. गळती कुठे आहे ते रस्त्यावर ह्यानेच ऐकतात म्हणे. दांड्याचं टोक पाइपावर टेकवून वाटी कानाला लावायची. मुलं, बायका, सगळे रांगेत. भिंगरी मला ओढत घेऊन गेली. मी म्हटलं, मला काय त्याचं, मागच्यांना दे. तिने ऐकलं नाही. मी वाकले, तिने वाटी माझ्या कानाला लावायचा प्रयत्न केला, पण तिचा हात पुरेना आणि ती कानाच्या मागे, हाडावरच टेकली.

आधी एक बारीक थरथर. मला वाटलं, माझाच हात थरथरतोय. मग ती थरथर जाड झाली आणि मैना, तो आवाज होता. कुणाच्या ओठांवरून वाचलेला नव्हे, मनाने भरून काढलेला नव्हे. माझ्या डोक्याच्या मधोमध, इतका जवळ, की मी मागे वळून बघितलं. पाणी येत होतं. लांबून, टेकडीच्या पोटातून, मोठ्या जनावराने न थांबता चालत यावं तसं. त्यात खाली खडे घरंगळत होते, वर वारा होता, आणि मधूनच कुठे पाइप वळत असेल तिथे ते कुशीवर वळत होतं. दोन वर्षांत मी पाऊससुद्धा ऐकला नव्हता. मला वाटत होतं की जग हळूहळू बंद होत चाललंय. ते सगळं चालूच होतं. माझ्या पायाखाली, पूर्ण आवाजात, चालूच होतं.

चावीवाले माझ्यापुढे वाकून उभे राहिले, हळू आणि मोठ्या ओठांनी म्हणाले, "बाई, हाडातून ऐकू येतंय ना? मग कान गेलेला नाही. दाखवून घ्या." मी मान हलवली, पण दांडा सोडला नाही. मागे रांग ताटकळत उभी होती, उन्हात, पोरं कडेवर. भिंगरीने त्यांना काय सांगितलं देव जाणे. कुणी आटपा म्हणालं नाही.

समोर मैदानात माझा भाऊ उघड्या झाकणाशी पालथा पडून, आत दिवा सोडून बघत होता. पाणी पोहोचलं की त्याने हात वर करायचा असं ठरलं होतं, आणि सगळे त्याच्या हाताकडे डोळे लावून होते. मी डोळे मिटले. पाणी शेवटच्या वळणाशी आलं, अरुंद झालं, चढलं, आणि मग एकदम मोकळं झालं. आवाज रुंद झाला, पसरला, एका खांबाला वळसा घालून दुसऱ्याकडे गेला. मला ते खांब पुन्हा दिसले, एकेक.

मी म्हटलं, "पोहोचलं."

किती मोठ्याने म्हटलं ते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या पलीकडे, गवतावर, माझ्या भावाचा हात नुकता वर जात होता.

तुझी,
ताई